नऊशे बिया आणि हेस्टूची भेट

कथात्म साहित्याचा विचार करताना आपली समीक्षा दुय्यम पात्रांकडे नेहमीच थोडी उशिरा वळते. नायक, नायिका, खलपुरुष यांचा हिशेब पुरा झाला की उरलेल्या जागेत विदूषक, दासी, सारथी, शेजारी यांची दखल घेतली जाते. वस्तुतः कलाकृतीची मूल्यदृष्टी पुष्कळदा या मंडळींच्याच तोंडून अधिक मोकळेपणाने व्यक्त होते. नायकाला कथानक पुढे न्यायचे असते. त्यांच्यावर ती सक्ती नसते. व्हिडिओ गेम हा कथनाचाच एक प्रकार आहे, हे मान्य करण्यास आपल्याकडील साहित्यविचार अजून फारसा राजी दिसत नाही. तो वाद आम्ही येथे उकरून काढत नाही. एका खेळातील एक दुय्यम पात्र आणि त्याने देऊ केलेले एक बक्षीस, यांविषयी आमचे म्हणणे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

खेळाचे नाव ‘द लेजेंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने तो ३ मार्च २०१७ रोजी प्रसिद्ध केला. हायरूल नावाच्या राज्यावर शंभर वर्षांपूर्वी अरिष्ट कोसळले आहे. तेव्हापासून निद्रिस्त असलेला नायक लिंक आता जागा होतो. गॅनन नावाच्या त्या अरिष्टाचा त्याला नाश करायचा आहे. मात्र आरंभीचे पठार उतरले की खेळ त्याला मोकळा सोडतो. कोणी सरळ किल्ल्याकडे जाऊन लढावे. कोणी महिनोन्‌महिने डोंगर चढावेत, रानातली अळिंबी शिजवून खावीत, घोडे धरावेत. या स्वैर भटकंतीत वाटसरूची गाठ वारंवार ज्यांच्याशी पडते, ती म्हणजे कोरोक नावाची, चेहऱ्यावर पानाचा मुखवटा ल्यालेली, रानातली चिमुकली भुते.

ती लपलेली असतात. कोठे डोंगरमाथ्यावर एकच दगड विनाकारण पडलेला दिसतो. तो उचलावा तर खाली कोरोक. कोठे दगडांच्या वर्तुळात एक दगड कमी असतो. कोठे ओळीने मांडलेल्या मूर्तींपुढे नैवेद्याचे वाडगे असतात आणि त्यांतला एक रिकामा असतो. तेथे फळ ठेवायचे. कोठे पाण्यावर पानांचे कडे तरंगत असते; त्यात उंचावरून सूर मारायचा. कोडे सुटले की कोरोक टुणकन प्रकट होतो, सापडल्याबद्दल आनंदाने चीत्कारतो आणि एक बी हातावर ठेवतो. लपंडावात फार वेळ कोणी शोधायला आलेच नाही, तर लपलेले मूल कंटाळून आपणच आवाज करते. सापडण्यातच त्याला आनंद असतो. कोरोकांचा आनंद त्या जातीचा आहे.

या बिया द्यायच्या कोणाला, तर हेस्टूला. काकारिको गावाच्या वाटेवर तो प्रथम भेटतो. इतर कोरोकांच्या मानाने अवाढव्य, गलेलठ्ठ, आणि अगदीच हळवा. त्याचे खुळखुळे राक्षसांनी पळवले आहेत. ते परत मिळवून द्यावेत तर ते रिकामे! आतल्या बिया रानातल्या पोरांनी खोडी म्हणून लांबवल्या आहेत आणि ती पोरे राज्यभर जाऊन लपली आहेत. तेव्हा सापडेल ती बी हेस्टूला आणून द्यायची. मोबदल्यात तो खुळखुळे वाजवत नाचतो आणि त्या नाचाच्या जादूने नायकाची पोतडी मोठी होते. एक तलवार, एक धनुष्य किंवा एक ढाल अधिक मावू लागते. या खेळात शस्त्रे वापरता वापरता मोडतात, त्यामुळे अशी एकेक जागा मोलाची असते. पुढे हेस्टू वाटेवरच्या तबेल्यांपाशी भेटतो व अखेर कोरोकांच्या वनात स्थिरावतो. २०२० च्या ‘हायरूल वॉरियर्स: एज ऑफ कलॅमिटी’त तो चक्क लढवय्या म्हणून अवतरतो आणि १२ मे २०२३ रोजी आलेल्या ‘टीअर्स ऑफ द किंगडम’मध्ये पुन्हा आपल्या जुन्याच व्यवसायावर रुजू होतो.

आता हिशेबाकडे वळू. २०१७ च्या खेळात एकूण बिया ९००. पोतडीतल्या सर्व जागा मिळवण्यास लागणाऱ्या बिया ४४१. पहिल्या जागेला एकच बी पुरते, पुढे दर चढत जातो. ४४१ बिया दिल्या की हेस्टूपाशी देण्यासारखे उपयुक्त असे काही उरत नाही. उरतात त्या ४५९ बिया. आणि त्या सर्व शोधून ९०० चा आकडा पुरा करणाऱ्यासाठी ‘हेस्टूची भेट’ नावाची वस्तू. ही वस्तू म्हणजे सोनेरी रंगाचा, पिळदार, विष्ठेच्या आकाराचा एक गोळा. त्याच्या वर्णनात खेळ त्याला मैत्रीची खूण म्हणतो आणि त्याला बरीच दुर्गंधी येते हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. त्याने शक्ती वाढत नाही, आयुष्य वाढत नाही, नवी वाट उघडत नाही. एवढेच होते की ती जवळ असली म्हणजे हेस्टूला हवे तेव्हा नाचायला सांगता येते.

या भेटीविरुद्धची तक्रार सर्वपरिचित आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. डोंगरदऱ्या, वाळवंट, हिमशिखरे पालथी घालून कोणी नऊशे ठिकाणे शोधतो. अखेर त्याच्या हातावर विष्ठा ठेवणे ही कष्टांची कुचेष्टा नव्हे काय? खेळकर्त्याने खेळणाऱ्याच्या निष्ठेवर केलेला हा हीन विनोद नव्हे काय? आमचे मत याच्या उलट आहे. त्या अवाढव्य खेळातील सर्वांत प्रामाणिक व्यवहार आम्हांला हेस्टूचा वाटतो, आणि त्याची भेट हीच त्याच्या प्रामाणिकपणाची खूण वाटते.

प्रथम या भेटीचा सांस्कृतिक संदर्भ पाहिला पाहिजे. जपानी भाषेत ‘उन्’ म्हणजे नशीब, दैव. आणि विष्ठेसाठी मुलांच्या बोलीतला शब्द ‘उन्को’. या ध्वनिसाम्यावर श्लेष करून तेथे सोनेरी विष्ठेच्या आकाराच्या लहानशा वस्तू शुभचिन्ह म्हणून विकल्या जातात. किल्लीला, मोबाइलला अडकवल्या जातात. ‘किन्‌उन्’ म्हणजे धनाचे भाग्य, आणि ‘किन् नो उन्को’ म्हणजे सोन्याची विष्ठा, इतके ते शब्द एकमेकांना खेटून आहेत. हे कळल्यावर भेटीतील अपमान पुष्कळसा निवळतो. भाषांतरात श्लेष हरवला आणि नुसता वास उरला, असे म्हणता येईल. तरीही हा बचाव आम्हांला पुरेसा वाटत नाही. शुभचिन्ह असो वा नसो, ती वस्तू निरुपयोगी आहे हे जपानी खेळाडूलाही दिसतेच. मुळात निरुपयोगी बक्षीस द्यावेच का, हा प्रश्न श्लेषाने सुटत नाही.

येथे मराठी भाषा आपल्या मदतीला येते. इंग्रजीतल्या ‘रिवॉर्ड’ या एका शब्दाखाली जे जे झाकले जाते, त्यासाठी आपल्याकडे निरनिराळे शब्द आहेत आणि त्यांच्या छटा एकमेकींत मिसळत नाहीत. मजुरी आणि मोबदला कामाच्या मापाने मिळतात. त्यांवर आपला हक्क असतो, आणि कमी मिळाले तर भांडता येते. बक्षीस देणाऱ्याच्या मर्जीने मिळते. बिदागी कलावंताची असते. तीत पैसा असला तरी निरोपाचा भाव अधिक असतो. प्रसादाचे वजन कोणी करीत नाही. आणि दसऱ्याला आपण एकमेकांच्या हाती आपट्याची पाने देतो व त्यांना सोने म्हणतो. ते सोने सराफाकडे नेण्याचा विचार कोणाच्या मनात येत नाही. पान पानच असते, हे देणाऱ्याला माहीत असते आणि घेणाऱ्यालाही. तरीही ते हातात घेताना आपण ‘हे काय दिलेत?’ असे विचारत नाही.

हेस्टू ४४१ व्या बीपर्यंत मोबदला देतो. तो रोखठोक दुकानदार आहे. त्याचा दर ठरलेला आहे आणि मालही खणखणीत आहे. त्यानंतर मात्र तो दुकान बंद करतो. पुढच्या ४५९ बियांसाठी काही उपयुक्त वस्तू ठेवणे खेळकर्त्यांना मुळीच कठीण नव्हते. एखादी कधीही न मोडणारी तलवार ठेवली असती तर तक्रारीला जागाच राहिली नसती. पण मग प्रत्येक खेळणाऱ्याला नऊशे बिया गोळा करणे भाग पडले असते. जी वाट ऐच्छिक होती ती मजुरीची झाली असती. बक्षीस निरुपयोगी ठेवल्यामुळेच ४४१ व्या बीपाशी थांबणाऱ्याचे काहीही नुकसान होत नाही. थांबण्याची ही मोकळीक हीच हेस्टूची खरी देणगी आहे, असे आम्हांला वाटते.

मग उरलेल्या बिया कशासाठी? आमच्या समजुतीप्रमाणे त्या गोळा करण्यासाठी नाहीतच. त्या भेटण्यासाठी आहेत. एवढ्या विस्तीर्ण भूमीत कोणीही कोणत्याही दिशेने गेला, तरी त्याच्या कुतूहलाला कोठेतरी उत्तर मिळावे, हा त्यांचा हेतू दिसतो. ‘हा दगड येथे एकटाच का?’ असा प्रश्न ज्याला पडेल, त्याला त्या दगडाखाली कोणीतरी असावे. बिया थोड्या असत्या तर बहुतेक प्रश्न निरुत्तर राहिले असते आणि माणसाने प्रश्न पडणेच सोडून दिले असते. म्हणून नऊशे. त्यांतल्या दीडदोनशे एखाद्याला सहज सापडल्या, तर बियांचे काम झाले.

बक्षिसाने आवड कशी कोमेजते, याचा एक प्रसिद्ध प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. लेपर, ग्रीन व निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील एका बालवाडीत, ज्यांना चित्रे काढण्याची मुळातच आवड होती अशी मुले निवडली. काहींना आधीच सांगितले, की चित्र काढाल तर सोनेरी तारा असलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना चित्र झाल्यावर ते अचानक दिले. काहींना काहीच दिले नाही. पुढे एक-दोन आठवड्यांनी ही मुले मोकळ्या वेळात काय करतात हे पाहिले, तेव्हा बक्षीस कबूल करून घेतलेली मुले रंगांकडे इतरांपेक्षा कमी वळली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र कायम होती. या निष्कर्षांवर पुढे बराच वाद झाला, परंतु त्यांतील मुख्य सूचना शिक्षकी पेशातल्या कोणालाही अनोळखी वाटणार नाही. कबूल केलेले बक्षीस हळूहळू कृतीची जागा घेते. हेस्टूने नऊशेव्या बीसाठी काहीच कबूल केले नव्हते, हे येथे लक्षात घ्यावे.

या पार्श्वभूमीवर खेळांच्या व्यवसायात काय घडत होते? २००५ साली ‘एक्सबॉक्स ३६०’ने प्रत्येक खेळातील पराक्रमांना गुण देण्याची पद्धत रूढ केली, २००८ मध्ये ‘प्लेस्टेशन ३’वर चषक आले. अमुक इतके शत्रू मारले, तमुक इतके दरवाजे उघडले, की पडद्याच्या कोपऱ्यात एक पाटी झळकते आणि गुण वाढतात. पुढची पायरी नशिबाच्या पेटाऱ्यांची: पैसे भरायचे आणि आत काय निघेल ते नशिबावर सोडायचे. बेल्जियमच्या नियामकांनी २०१८ मध्ये अशा काही पेटाऱ्यांना जुगार ठरवले. ज्या काळात बक्षीस हे खेळणाऱ्याला खिळवून ठेवण्याचे आणि त्याचा खिसा हलका करण्याचे साधन होत होते, त्याच काळात हेस्टू रस्त्याच्या कडेला खुळखुळे घेऊन उभा होता. त्याची बी पैशाने विकत मिळत नाही. त्याच्यापाशी सोडत नाही. आणि शेवटी त्याच्या हातात जे आहे, ते पाहून सारा पाठलागच हास्यास्पद ठरतो.

त्याच्या पूर्वजांशी तुलना केल्यास ही बाब अधिक उठून दिसते. याच मालिकेतील १९९८ च्या ‘ओकारिना ऑफ टाइम’मध्ये सोनेरी कोळ्यांच्या शंभर खुणा गोळा करणाऱ्यास शेवटी २०० रुपी मिळतात. (हायरूलच्या चलनाचे नाव रुपी आहे, याची भारतीय वाचकास गंमत वाटेल.) इतक्या खुणा जमेपर्यंत खेळणाऱ्याला पैशाची फारशी गरज उरलेली नसते. म्हणजे निरुपयोगी बक्षीस तेथेही होतेच. फक्त त्याने उपयुक्ततेचा वेष घेतला होता. हेस्टूने तो वेष उतरवला.

तथापि खेळकर्त्यांना आम्ही सर्वस्वी निर्दोष मानत नाही. गॅननचा पाडाव झाल्यावर नकाशावर पूर्णतेची टक्केवारी दिसू लागते आणि तिच्यातला फार मोठा वाटा बियांचाच असतो. एका हाताने थांबायला सांगायचे आणि दुसऱ्या हाताने अपूर्णांक दाखवायचा, ही विसंगती आहे. ज्याच्या डोळ्यांपुढे पूर्ण शंभराचा आकडा नाचतो, त्याला हेस्टूचा नाच कसा दिसणार? दुसरे असे की २०२३ च्या खेळात बियांची संख्या हजारावर नेली आणि अखेरची भेट मात्र तीच ठेवली. विनोद दुसऱ्यांदा सांगितला की त्यातला अचानकपणा जातो. आता सर्वांना शेवट ठाऊक होता. त्याच खेळात काही कोरोक मित्रापासून दुरावलेले असतात. त्यांना उचलून मित्रापाशी नेले की दोन बिया मिळतात. प्रसिद्धीनंतर थोड्याच दिवसांत या बिचाऱ्यांना अग्निबाणांना बांधून उडवल्याच्या, कड्यावरून लोटल्याच्या चित्रफिती सर्वत्र फिरू लागल्या. त्यांत निव्वळ टवाळी होती हे खरे. पण बोजा पाठीवर घेऊन वाटेत बसलेला प्रवासी जेव्हा केवळ दोन बियांची पिशवी होतो, तेव्हा असेच घडायचे.

आणि ५ जून २०२५ रोजी ‘स्विच २’ हे नवे यंत्र आले, तेव्हा त्याच्यासाठी सजवलेल्या या दोन्ही खेळांच्या आवृत्त्यांना मोबाइलवरची एक सोबतीण मिळाली. न सापडलेला कोरोक कोठे आहे, तिकडे कसे जावे, हे ती सांगते. पराक्रमांची पदकेही देते. ज्याची हेस्टूने इतकी वर्षे थट्टा केली, ते अखेर त्याच्याच घरात येऊन बसले. ज्याला वेळ थोडा आहे त्याने ही मदत घ्यावी, आमचा आक्षेप नाही. पण दगड एकटा का, हा प्रश्न पडण्याआधीच उत्तर कानात सांगितले गेले, तर दगडाखाली बी तेवढी उरते. कोरोक उरत नाही.

हा सारा प्रपंच एका खेळापुरता असता तर आम्ही तो मांडला नसता. आमच्या व्यवसायातही गेल्या काही वर्षांत बियाच बिया झाल्या आहेत. चर्चासत्राला उपस्थित राहिल्याचे प्रमाणपत्र, निबंध छापल्याचे गुण, उजळणी वर्गाचे गुण; आणि विद्यार्थ्यांच्या बाजूला अंतर्गत मूल्यमापनाचे, उपक्रमाचे, हजेरीचे गुण. पदोन्नतीसाठी आणि उत्तीर्ण होण्यासाठी यांतले काही आवश्यक असतात. ते मोबदल्याच्या हिशेबातले, त्यांविषयी तक्रार नाही. दुःख याचे आहे, की आमच्याकडे ४४१ वी बी कोणती हे सांगणारा कोणी नाही. ‘येथपर्यंत पोट भरण्यापुरते होते, येथून पुढे केवळ आवडीचे’ अशी रेघ कोणी आखत नाही. त्यामुळे अभ्यासक्रमाबाहेरची एखादी कादंबरी सुचवली की समोरून प्रश्न येतो, याला गुण किती? प्रश्न विचारणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. प्रत्येक दगडाखाली बी असतेच, असे आपणच त्याला शिकवले आहे.

संस्कृत नाटकातील विदूषक खादाड, भित्रा आणि बडबड्या असतो. पण राजाला न रुचणारे सत्य पुष्कळदा तोच हसत हसत बोलून जातो. ‘मृच्छकटिका’तील मैत्रेय तर चारुदत्ताचे वैभव गेल्यावरही त्याच्या दारातून हलत नाही. हेस्टूला आम्ही या कुळात बसवू. तो वेंधळा आहे, रडवा आहे, आपलेच खुळखुळे त्याला सांभाळता येत नाहीत. परंतु सर्व जागा भरल्या, सर्व शस्त्रे मिळाली, देण्यासारखे काही राहिले नाही, अशा वेळीही पुन्हा आलेल्या माणसापुढे तो पूर्वीच्याच उत्साहाने नाचतो. नऊशे बियांच्या शेवटी त्या वासाच्या गोळ्यासोबत एवढे एक मिळते: त्याला हवे तेव्हा नाचताना पाहण्याची मुभा. ज्यांना ती पुरेशी वाटत नाही, त्यांनी खुशाल ४४१ वर थांबावे. हेस्टूला त्याचे वाईट वाटणार नाही.